नखाएवढे हिरवे

ओल्या मातीचा वास माझ्याकडे कधी एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग तापून निवलेल्या लोखंडाचा वास येतो. किंचित जळका, किंचित तेलकट, जिभेच्या मुळाशी आपली चव ठेवून जाणारा. हे दोन्ही वास एकाच माणसाच्या हातांना येत असत, म्हणून माझ्या मनात ते कायमचे जुळून गेले आहेत. कुंडीला पाणी घालताना आजही मी क्षणभर मान वर करून फाटकाकडे पाहते. तिथे कोणी नसते.

तो माणूस म्हणजे खैरनार नाना. सातपूरच्या एका कारखान्यात ते वेल्डर होते आणि आमच्या वसाहतीत माझ्यापासून तीन घरे सोडून राहत. मी महाविद्यालयात मराठी शिकवत असे आणि एकटी राहत असे. का, ते इथे सांगण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वसाहत म्हणजे मोडलेला भाजीमळा होता. प्लॉट पाडताना बांधावरची आंब्या-चिंचेची झाडे तोडली गेली होती. पलीकडच्या शेतात झेंडूचे वाफे अजून शिल्लक होते आणि सकाळी माळणी फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन आमच्याच रस्त्याने बाजाराला जात. पण त्यांना टेकायला सावली उरली नव्हती. दुपारी तो रस्ता इतका पांढरा दिसे की डोळे मिटल्यावरही दिसतच राही.

दुसऱ्या वर्षी वसाहतीने झाडे लावायचे ठरवले. घरटी एक झाड, ज्याने त्याने आपल्या दाराशी लावायचे आणि जगवायचे. बत्तीस घरे, बत्तीस रोपे. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. नानांनी पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर ऑइलपेंटने आडनावे लिहून आणली होती आणि प्रत्येक रोपाशी एकेक पाटी रोवली: पाटील, शेवाळे, कुलकर्णी, बागूल. त्यांच्या स्वतःच्या दाराशी कडुनिंब होता. त्याच्या पाटीवर मात्र खैरनार असे लिहिलेले नव्हते. तिथे लिहिले होते, कलाबाई. त्या त्यांच्या पत्नी. नव्या घरात राहायला आल्यावर चार महिन्यांतच त्या गेल्या होत्या. एकुलती मुलगी, मंगल, लग्न होऊन नांदगावला होती. म्हणजे नानांच्या घरातही बोलायला कोणी उरले नव्हते.

दिवाळीपर्यंत बहुतेकांनी पाणी घातले. होळीपर्यंत चार-दोघांनी. त्यानंतर फक्त नानांनी.

सकाळी साडेपाचला मला बादलीच्या कडीचा आवाज ऐकू येई. कडीला त्यांनी सुतळी गुंडाळली होती, तरी ती एका बाजूला किरकिरत असे. अंगात खाकी शर्ट, पायात नाडी काढून टाकलेले कारखान्यातले बूट. पहिली पाळी सातला सुरू होई. त्याआधी बत्तीस झाडे व्हायला हवीत. नळाचे पाणी पुरत नसे, म्हणून त्यांनी घराघरात सांगून ठेवले होते की तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी फेकायचे नाही, बादलीत साठवून रात्री फाटकाबाहेर ठेवायचे. ती बादली उचलून ते दोनदा पाणी घालत. थोडे घालून थांबत, बुडबुडे विरेपर्यंत वाट पाहत, मग उरलेले. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, “पहिलं पाणी माती पिते. ती तहानलेली असली तर झाडापर्यंत काही पोचू देत नाही.”

आणि ते झाडांशी बोलत. सुरुवातीला मला वाटले, रस्त्यावर कोणीतरी दुसरेही आहे. खिडकीशी जाऊन ऐकले तेव्हा कळले की तो आवाज एकच होता आणि ती भाषा आपली रोजची नव्हती. सटाण्याकडच्या आपल्या गावाची अहिराणी ते झाडांशी बोलत होते. “कसं शे रे? कसं शे?” प्रत्येक खोडाशी वाकून, उत्तराला पुरेल एवढा वेळ देऊन. माणसांशी ते जपून, नेटके मराठी बोलत. माझ्याशी तर फारच. “तुमच्यासमोर शुद्ध बोलावं लागतं ताई,” असे म्हणून हसत. कलाबाई गेल्यावर त्यांच्या घरात अहिराणी बोलणारे कोणी राहिले नव्हते, आणि जी भाषा घरात बोलता येत नाही ती माणूस कुठेतरी नेऊन ठेवतोच. त्यांनी ती बत्तीस आळ्यांमध्ये नेऊन ओतली.

माझ्या दाराशी बकुळ होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती वाळली. पाने गळाली, फांदी हात लावताच कटकन मोडली. मी तिला उपटण्यासाठी खाली बसले तेवढ्यात नाना पाळीवरून परतत होते.

“थांबा ताई. मेली का नाही ते विचारलं का?”

“दिसतंच आहे ना, नाना.”

“दिसतं ते बाहेरचं.”

ते उकिडवे बसले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचे नख वाढवलेले होते. वेल्डरच्या त्या भाजलेल्या, डागाळलेल्या हाताला ते अगदी शोभत नसे. त्या नखाने त्यांनी फांदीची साल किंचित खरवडली. आत तपकिरी. थोडे खाली खरवडले. तपकिरीच. अगदी मातीलगत, जिथे खोड बोटाएवढे जाड होते, तिथे तिसऱ्यांदा नख लावले आणि सालीखाली एक ओला, हिरवा ठिपका उघडा पडला. नखाएवढाच. ते माझ्याकडे न पाहता खोडालाच म्हणाले,

“शे.”

आहे. अहिराणीत एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या ‘आहे’ला मागेपुढे काहीतरी लागते. त्यांचा तो शब्द एकटा उभा राहू शकत होता. पुढे मी तो अनेकदा ऐकला, आणि कधीकधी त्याच्याऐवजी “नही” हेही. “नही” म्हटले की ते रोप स्वतःच्या हातांनी काढत, मुळांची माती झटकून खड्ड्यात परत टाकत आणि आठवड्याभरात तिथे दुसरे आणून लावत. पाटी तीच राहत असे.

पाट्यांमुळे वसाहतीत गमती होत. नाना झाडांना आडनावांनीच ओळखत. “शेवाळे आज मलूल आहेत,” “बागुलांना गाईने तोंड लावलं.” एकदा संध्याकाळी, आठदहा बायका ओट्यावर बसलेल्या असताना, त्यांनी पाटीलवहिनींना हाक मारून सांगितले, “वहिनी, पाटलांना कीड लागलीय. तंबाखूचं पाणी मारावं लागेल.”

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पाटीलवहिनी तडकल्या. “अहो नाना, चारचौघांत काय बोलता हे! आमच्या ह्यांना कीड लागली?”

“ह्यांना नाही हो. पाटलांना.”

“मग हे कोण आहेत?”

“हे दुसऱ्या पाळीला गेलेत,” नाना गंभीरपणे म्हणाले, “पाटील दिवसभर इथेच उभे असतात.”

त्या दिवशी वहिनींनी स्वतः तंबाखू भिजत घातला. पण अशा संध्याकाळी थोड्याच आल्या. दोन-चार वर्षांत लोकांच्या बदल्या झाल्या, कोणी घर विकून गंगापूर रोडला मोठ्या इमारतीत गेले. नवे लोक आले. त्यांना फाटकाबाहेर बादली ठेवण्याची रीत ठाऊक नव्हती आणि नानांनी ती पुन्हा दारोदार जाऊन सांगितली नाही. रस्त्यावरच्या बादल्या एकेक करून नाहीशा झाल्या. कुलकर्णी गेले तरी कुलकर्णींचा कांचन राहिला. नाना त्याला आडनावानेच हाक मारत राहिले. पुढे पुढे त्या रांगेतून चालताना वाटे, वसाहत सोडून गेलेली सगळी माणसे इथेच आहेत. फक्त त्यांनी बोलणे सोडले आहे.

मी एकदा विचारले, “नाना, लोकांना सांगत का नाही? सगळं तुमच्यावरच पडलं.”

“सांगून कोण येतं, ताई? कारखान्यात एक नियम असतो. पाळी संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो येऊन मशीनला हात लावेल, मग आपण हात काढायचा.” त्यांनी बादली उपडी करून शेवटचा थेंब आळ्यात झटकला. “माझा रिलीव्हर अजून यायचा आहे. उशीर होतो कधीकधी.”

हे ते हसून म्हणाले. पण त्यानंतर मला त्यांच्या प्रत्येक सकाळीत ती वाट पाहणे दिसू लागले. रस्त्याने कोणी आले की ते बादली क्षणभर हातात तशीच धरत. माणूस पुढे निघून गेला की पाणी ओतत.

एका उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. महिनाभर वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही. मी म्हटले, मी घालेन पाणी. त्यांनी मला रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत नेले, एकेका झाडाची सवय सांगितली. मी पंधरा दिवस नेमाने घातले. मग परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे आले. जवळची झाडे मी सांभाळली, पण रांगेच्या अगदी टोकाचा कुलकर्णींचा कांचन माझ्याकडून सुटला. एक आठवडा. एप्रिलमधला आठवडा.

हिरवी पट्टी डोळ्यावर असतानाच नाना एका सकाळी आले. कांचनाशी बसून त्यांनी वर नख लावले, मग मध्ये, मग अगदी मातीशी. बराच वेळ अंगठा तिथेच ठेवला.

“नही.”

मी काहीतरी बोलू लागले. त्यांनी हात वर केला. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून तो शब्द अजून माझ्या अंगात आहे. “रिलीव्हर चुकला की मशीन बंद पडतं, ताई. एवढंच.” त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांनी मला पाणी घालायला सांगितले नाही.

आता जाळ्यांविषयी सांगायला हवे. कारण नानांच्या हातून झालेली एकमेव चूक तीच, आणि ती त्यांच्या हाताच्या कसबामुळेच झाली. सुरुवातीला गुरे रोपे खात, म्हणून नानांनी भंगारातल्या पट्ट्यांच्या गोल जाळ्या केल्या. त्या चोरीला जाऊ लागल्या. तेव्हा त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून यंत्र आणून प्रत्येक जाळी जागेवरच, रोपाभोवती गुंडाळून, सांधून टाकली. ना बिजागरी, ना कडी. तो जोड इतका सफाईदार होता की बोट फिरवले तरी सापडत नसे. लोक कौतुक करत. पहिली जाळी त्यांनी आपल्या कडुनिंबाला केली होती. तेव्हा हाताशी लहान पट्ट्याच होत्या, म्हणून तिचा घेर सर्वांत लहान. आणि ती कलाबाईंच्या झाडाची, म्हणून तिचे लोखंड सर्वांत जाड.

झाड वाढत गेले. मेंढराने गवत गिळावे तसे खोडाने लोखंड हळूहळू गिळले. जाळीचे छातीएवढ्या उंचीवरचे कडे सालीच्या आत गेले आणि वर-खाली खोडाला फुगवटे आले. वर एवढी दाट सावली होती की खाली कोणी पाहिलेच नाही. नानांनीही नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या मे महिन्यात, भर दुपारी, सोसाट्याचा वारा सुटला. मोठा आवाज झाला. धावत बाहेर आले तर कडुनिंब रस्त्यावर आडवा पडलेला, बरोबर त्या कड्यापाशी मोडून. हवेत कडू, हिरवा वास इतका दाटला होता की घशाशी यावा. नाना पाळीवरून आले तेव्हा लोकांनी फांद्या बाजूला ओढल्या होत्या. ते खोडाच्या उरलेल्या भागापाशी उभे राहिले. मोडल्या जागी त्यांचीच पट्टी बाहेर आली होती आणि तिच्यावरचा तो न सापडणारा जोड तसाच अभंग होता.

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होते. बुंधा छातीएवढा शिल्लक होता, मुळे जमिनीत होती. पण ज्या माणसाने रस्त्यावरच्या प्रत्येक वाळल्या काडीला विचारल्याशिवाय मेली म्हटले नव्हते, त्याने त्या बुंध्याला नख लावले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उरलेल्या सगळ्या जाळ्या कापायला घेतल्या. गॅसने कापले असते तर क्षणाचे काम. पण आचेने साल भाजते, म्हणून साध्या हॅक्सॉच्या करवतीने, हाताने. पट्टी थरथरू नये म्हणून तिला दुसऱ्या बाजूने धरणारे कोणीतरी हवे होते. मी न विचारता जाऊन धरली. सगळा जून गेला. पात्याचा तो कर्कश आवाज माझ्या दातांत बसला होता आणि लोखंडाचा तांबूस भुगा दोघांच्या मनगटांवर.

माझ्याच बकुळीची जाळी कापताना ते पात्यावरची नजर न काढता बोलू लागले.

“तिला शेवटी गावी जायचं होतं. रोज म्हणायची, मला घरी न्या, मला माझ्या ओट्यावर बसू द्या. मी म्हटलं, इथे डॉक्टर आहेत, दवाखाना आहे. इथेच राहायचं. एक दिवस सोडलं नाही तिला.”

पाते थांबले नाही.

“पक्कं काम केलं मी, ताई. लय पक्कं. एक जोड उघडता येईल असा ठेवायला हवा होता.”

पट्टी तुटली. खोडावर तिचा खोलगट वळ उमटला होता. त्यांनी तो तळहाताने पुसला, जणू तो पुसला जाणार होता, आणि पुढच्या झाडाकडे गेले.

त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांचे गुडघे गेले, दुसऱ्या डोळ्यात काचबिंदू उतरला. बत्तीस झाडांच्या फेरीला दोन तास लागू लागले, मग तीन. जुन्या झाडांना पाण्याची फारशी गरज नव्हती, पण मेलेल्यांच्या जागी लावलेली लहान रोपे होतीच. अखेर मंगल त्यांना न्यायला आली. जीपमध्ये एक पेटी आणि गादीची वळकटी. नाना घरात नव्हते. ते रस्त्यावर, हातात भरलेली बादली घेऊन, माझ्या फाटकाशी उभे होते.

“नाना, चला ना आता,” मंगल म्हणाली. “गाडी कधीची थांबलीय.”

“पाळी संपली गं. पण जागा कशी सोडू?”

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना तेव्हा फारसे दिसतही नव्हते. मी पुढे होऊन बादलीच्या कडीला हात घातला. सुतळी ओली आणि ऊबदार होती. काही क्षण दोघांचेही हात कडीवर होते. मग त्यांनी आपला हात काढला. जीपकडे जाताना ते त्या मोडक्या बुंध्याजवळून, त्याच्याकडे मान न वळवता, पुढे गेले.

मी पाणी घालू लागले. या वेळी एकही आठवडा चुकला नाही. बत्तीस आळ्यांत बुंध्याचेही आळे होते. तिथे पाणी ओतणे वेडेपणाचे आहे असे नव्या शेजाऱ्यांनी मला सांगितले. मीही त्याला नख लावले नाही. तो अधिकार माझा नव्हता. पहिले पाणी मातीला, दुसरे झाडाला, एवढेच करत राहिले. सकाळच्या रस्त्यावर आता मी एकटी असे आणि बादलीची कडी तशीच एका बाजूला किरकिरे.

दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात, लोखंडाच्या व्रणाखाली वीतभर अंतरावर, साल फोडून तांबूस, चकचकीत पाने बाहेर आली. मी त्यांच्याविषयी दोन महिने कोणाला सांगितले नाही. धुमारा करंगळीएवढा झाला तेव्हा त्याची एक काडी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि नाशिकरोडहून नांदगावची गाडी पकडली.

मंगलचे घर बाजारपेठेत, दुकानाच्या मागे. खोलीला पत्रा, बाहेर फरशी. मातीचा तुकडा कुठे दिसला नाही. नाना खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मंगल हळू आवाजात म्हणाली, “हल्ली बोलतच नाहीत. काही विचारलं की मान हलवतात फक्त. दिसत तर नाहीच.” मग मोठ्याने, “नाना, नाशिकच्या ताई आल्यात!”

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला आणि नकळत वास घेतला. साबणाचा आणि पावडरीचा वास होता. लोखंड नव्हते, माती नव्हती. अंगठ्याचे नख मंगलने बारीक कापलेले होते.

मी रुमाल सोडून काडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटे तिच्यावरून एकदा फिरली, पानांच्या करवती कडांपाशी थांबली.

“कुणाचं?”

“कलाबाईंचं,” मी म्हटले.

खोलीत दुकानातल्या वजनांचा आवाज येत होता. नानांनी काडी डाव्या मुठीत घट्ट धरली आणि उजवा अंगठा तिच्यावर टेकवला. कापलेले नख सालीवरून घसरले. दुसऱ्यांदाही घसरले. मंगल मदतीला वाकली; मी तिचा हात धरला. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा तिरका करून, ओठ आवळून, जोर दिला. साल सुटली. तो कडू, ओला वास माझ्यापर्यंत पोचण्याआधी त्यांच्यापर्यंत पोचला असावा. त्यांनी त्या उघड्या जागेवर बोटाचे टोक ठेवले, ओल चाचपली आणि जिकडे मी बसले होते तिकडे चेहरा वळवला.

“शे.”